कांद्याचा भाव व अर्थशास्त्राचा पहिला धडा

ज्या घरांत मुलगा अगर मुलगी महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकत असते, त्या घरांत एक लहानसा चमत्कार नित्य दृष्टीस पडतो. माजघरांत विद्यार्थी मागणीच्या वक्ररेषा घोकीत असतो आणि स्वयंपाकघरांत आई कांद्याच्या भावाची चिंता करीत असते. परंतु हे दोन्ही विषय वस्तुतः एकच आहेत, हें दोघांच्याहि ध्यानांत येत नाहीं. आमच्या मतें या शास्त्राचा पहिला धडा भाजीच्या पिशवींतच अधिक चांगला सांपडतो.

भाव चढला कीं मागणी घटते, हें सर्वांस ठाऊक आहे. प्रश्न असा कीं, ती किती घटते? या प्रश्नास आल्फ्रेड मार्शल यांनीं १८९० सालच्या आपल्या ग्रंथांत 'मागणीची लवचिकता' या कल्पनेच्या रूपानें शास्त्रांत कायमचें स्थान दिलें. समजा, २० रुपये किलो भाव असतां एक कुटुंब महिन्यास चार किलो कांदा घेतें. खर्च ८० रुपये. भाव ४० झाला तर फार तर एक किलो कमी होईल. कारण भाजीस व पोह्यांस कांद्याची जागा घेणारा दुसरा जिन्नस नाहीं. आतां तीन किलोंस १२० रुपये पडतात. उलट भाव १० वर आला, तरी पांच किलोंहून अधिक कांदा खाणार कोण? खर्च ५० रुपये. गृहिणीचा खर्च तीच विकणारांची प्राप्ति. म्हणून पीक उदंड आलें कीं शेतकरीवर्गाच्या हातीं पैसा थोडा, असा हा विपरीत न्याय आहे. टंचाईंत एकंदर पैसा वाढतो खरा. पण ज्याचें पीक अवकाळी पावसानें गेलें, त्याच्या वांट्यास त्यांतली कवडीहि येत नाहीं.

भाव न हालतांहि मागणी हालते, याचें उदाहरण आपल्याच घरांत आहे. आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, भजीं करून पुढें चातुर्मासांत कांदा वर्ज्य करणारीं घरें अजूनहि आहेत. तेथील घट पंचांगामुळें होते, भावामुळें नव्हे. भावामुळें होणाऱ्या घटींत आपण रेषेवरून सरकतों. येथें रेषाच डावीकडे सरकते. हा भेद विद्यार्थ्यांनीं पक्का ध्यानीं धरावा.

आतां पुरवठ्याकडे पाहूं. नाशिक जिल्ह्यांत लासलगांवच्या बाजाराकडे येणारा उन्हाळी कांदा मार्च ते मे या महिन्यांत निघतो व चाळींत सांठवून पावसाळ्यानंतरपर्यंत पुरवावा लागतो. कांहीं सडतो, कांहींचें वजन घटतें. पुढचा चढा भाव हाच त्या जोखमीचा मोबदला. शिवाय गतवर्षींचा भाव पाहून यंदाची लागवड होते. भाव चढलेला पाहून सर्वच कांदा लावतात आणि पुढें तोच भाव कोसळतो. या फेऱ्यास निकोलस काल्डोर यांनीं १९३४ सालीं कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली.

८ डिसेंबर २०२३ रोजीं सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ मध्यें बंदी उठली, परंतु ४० टक्के निर्यातकर राहिला. सप्टेंबरांत तो २० टक्के झाला व १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. निर्यात अडली कीं परदेशची मागणी तुटते, माल देशांतच उरतो आणि भाव उतरतो. शहरांतल्या गृहिणीस लाभलेली ती स्वस्ताई बव्हंशीं शेतकऱ्याच्या पदरांतूनच आलेली असते. असें करणें योग्य कीं अयोग्य, हें वक्ररेषा सांगत नाहीं. तो निवाडा आपल्या विवेकबुद्धीचा आहे. परंतु कोणाचें गेलें व कोणास मिळालें, हें ती निःपक्षपातानें दाखविते.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस एवढीच सूचना आहे कीं, आकृति काढतांना तिच्या एका बाजूस आपली आई व दुसऱ्या बाजूस कांदा पिकविणारें कुटुंब उभें आहे, हें विसरूं नये. मग परीक्षेंतील गुण तर मिळतीलच, आणि भाव उतरल्याचा आनंद मानतांना दुसऱ्या बाजूचा विचारहि सुचेल.