पत्र्याच्या कोनाड्यातली माणसं

मेक्सिकोत देखाव्याच्या छोट्या पेटीला 'निचो' म्हणतात. निचो म्हणजे कोनाडा. भिंतीतला कोनाडा हातात मावेल एवढा केला, त्याला पत्र्याची नक्षीदार चौकट दिली, पुढे काच किंवा दोन दारं लावली, की झाला निचो. आज अनेक देशांतले हौशी लोक सिगारच्या खोक्यात, आगपेटीत, गोळ्यांच्या डबीत असे देखावे रचतात. गुलाबी भिंत, निळी खुर्ची आणि खुर्चीवर फुलांची टोपी घातलेला एक सांगाडा.

सुरुवातीला या कोनाड्यात संत होते. स्पॅनिश राजवटीतल्या चर्चमधून ते घराघरांत आले. 19व्या शतकात कलई केलेला पत्रा स्वस्त झाला आणि गावोगावच्या चित्रकारांना हवा तसा आधार मिळाला. नवस फेडायचा तर वहीच्या पानाएवढ्या पत्र्यावर चित्र काढून घ्यायचं. वर ढगात संत, मध्ये घोड्यावरून पडलेला माणूस किंवा अंथरुणाला खिळलेली बाई, खाली काय घडलं आणि कोणी वाचवलं याच्या चार ओळी. चित्रकार फ्रिदा काहलोने अशी शेकडो चित्रं जमवली. मेक्सिको सिटीच्या कोयोआकान भागातलं तिचं निळं घर 1958 पासून संग्रहालय आहे.

सांगाडा प्रसिद्ध केला तो छापखान्याने. होसे ग्वादालुपे पोसादा मेक्सिको सिटीत स्वस्त पत्रकांसाठी चित्रं कोरायचा. त्याच्या कवट्या हसतात, सायकल चालवतात, मिरवतात. युरोपी थाटाची टोपी घातलेली कवटीची बाई त्याने शेवटच्या वर्षांत कोरली. 1913 साली तो गेला तेव्हा त्याचं दफन गरिबांच्या थडग्यात झालं. पुढे 1947 मध्ये चित्रकार दिएगो रिवेराने त्या बाईला अंगभर पोशाख चढवून आपल्या भित्तिचित्रात मधोमध उभं केलं आणि शेजारी पोसादालाही. ती 'कात्रिना' आज अनेक पेट्यांमध्ये असते. कोरणाऱ्याचं नाव मात्र पेटी करणाऱ्या अनेकांना माहीत नसतं, आणि याचं वाईट वाटतं.

दरम्यान 1921 साली, स्वातंत्र्यलढ्याच्या सांगतेच्या शताब्दीला, मेक्सिको सिटीत लोककलांचं मोठं प्रदर्शन भरलं. बाजारात विकली जाणारी मातीची, पत्र्याची वस्तू देशाची कला म्हणून मांडली गेली.

सीमेपलीकडे अमेरिकेत ही परंपरा पोहोचली ती मेक्सिकन वंशाच्या कलावंतांमुळे. 1972 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'गालेरिया दे ला रासा'मध्ये 'मृतांचा दिवस' या गेलेल्यांची आठवण काढण्याच्या मेक्सिकन सणाचं प्रदर्शन झालं. 1984 मध्ये अमालिया मेसा-बेन्स यांनी अभिनेत्री दोलोरेस देल रिओ हिच्या आठवणीत वेदी उभारली. आठवणीच्या वस्तू अशा मांडायच्या की माणूस समोर उभा राहावा, हे घरगुती शहाणपण त्यांनी कलादालनात नेलं.

या सणावरच्या 2017 च्या 'कोको' चित्रपटानंतर तर हा सण आणि त्याचे सांगाडे घराघरांत ओळखीचे झाले. त्यासोबत तयार कवट्यांची पाकिटंही आली. नुसत्या विकतच्या कवट्या चिकटवलेली पेटी सुंदर दिसेल, पण ती कोणाचीच नसते. आजीचं एक बटण, बसचं जुनं तिकीट, अंगठ्याएवढं शिवणयंत्र आत गेलं की ती कोणाची तरी होते.

पेटी करण्याचं काम सोपं, पण क्रमाचं आहे. पातळ पत्रा कात्रीने कापून वर्तमानपत्राच्या घडीवर पालथा ठेवायचा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने मागून रेघ दाबायची. पुढून ती उठून येते. कडा दुमडायच्या, नाहीतर बोट कापतं. आधी मागच्या भिंतीला रंग, मग कातरलेल्या कागदाची जाळी, मग सगळ्यात मागची वस्तू. पुढची आधी चिकटवली तर मागे बोट पोहोचत नाही. काच शेवटी.

मृतांच्या दिवसाला, म्हणजे 1 आणि 2 नोव्हेंबरला, मेक्सिकोतल्या वेद्यांवर झेंडूचे ढीग असतात. हे फूल मूळचं तिथलंच. आपल्या दसऱ्याच्या तोरणात आलं ते समुद्र ओलांडून. पेटीत खरं फूल टिकत नाही, म्हणून नारिंगी पातळ कागदाच्या चुण्या करून नखाएवढा झेंडू वळतात आणि सांगाड्याच्या पायाशी ठेवतात.