स्पाइक गार्ड असूनही टीव्ही का जळला?

लालबागच्या आमच्या जुन्या इमारतीत एका संध्याकाळी चमत्कारिक प्रकार घडला. दुसऱ्या मजल्यावरचे दिवे एकदम लखलखले आणि पंखे भरधाव फिरू लागले. तिसऱ्या मजल्यावरचे दिवे मात्र मलूल झाले. मिनिटाभरात जळका वास पसरला. तीन टीव्ही कायमचे गेले. शेजारच्या काकांनी मला जिन्यातच गाठले. "अहो, मी चांगला स्पाइक गार्ड लावला होता. तुमचे विज्ञान काय म्हणते यावर?"

घरातील वीजदाब २३० व्होल्ट असतो असे आपण वर्गात सांगतो. ही वर्गमध्यमूळ किंमत झाली; लाटेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते. लिफ्टची किंवा पंपाची मोटर बंद होते तेव्हा तिच्या वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि या लाटेवर एक तीक्ष्ण उसळी स्वार होते. तिचे आयुष्य सेकंदाच्या काही लक्षांश भागांचे. आकाशातील विजेमुळेही अशी उसळी येते. मुंबई शहरात बेस्टच्या वाहिन्या बहुतांशी जमिनीखालून जातात, त्यामुळे खांबांवरून तारा ओढलेल्या कोकणातील गावांइतके ते भय इथे नाही. गच्चीवरून घरात उतरणाऱ्या केबलचे मात्र आहे.

स्पाइक गार्ड आहे तो या उसळीसाठी. त्याच्या पोटात व्हॅरिस्टर नावाची एक चकती असते, जस्ताच्या ऑक्साइडचे बारीक कण भाजून केलेली. दोन कणांमधील प्रत्येक सीमा सुमारे ३ व्होल्टपर्यंत वीज अडवते. अशा शेकडो सीमा एकापुढे एक आल्या की नेहमीच्या दाबाला चकती दाद देत नाही. दाब फार वाढला की मात्र तिचा रोध कोसळतो आणि उसळीची ऊर्जा ती स्वतः पचवते. पण हे पचवणे क्षणभराचेच. दाब चढाच राहिला तर प्रत्येक अर्धलाटेत, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, तिच्यातून प्रवाह वाहतो आणि ती तापून जळते. काकांच्या स्पाइक गार्डचे हेच झाले होते.

मग दाब चढाच का राहिला? इमारतीत वीज तीन फेजमधून येते आणि घरे त्यांवर वाटलेली असतात. परतीची न्यूट्रल तार सर्वांची एकच. मीटरच्या खोलीत तिचा सांधा गंजून सुटला, की दोन फेजवरची घरे एकसरीत जोडली जातात आणि त्यांच्यावर मिळून ४०० व्होल्ट पडतात. (४६० का नाही? कारण दोन फेजच्या लाटा एकाच वेळी शिखरावर नसतात. २३० ला ३ च्या वर्गमूळाने गुणावे.) समजा, एका घरात २००० वॅटचा गीझर चालू आहे, त्याचा रोध सुमारे २६ ओहम. दुसऱ्यात १०० वॅटचा टीव्ही आहे. तो निव्वळ रोध मानला तर सुमारे ५२९ ओहम. एकसरीत दाब रोधाच्या प्रमाणात वाटला जातो. गीझरच्या वाट्याला १९ व्होल्ट येतात, टीव्हीच्या वाट्याला ३८१! एमसीबी प्रवाह पाहतो, दाब नाही. म्हणून तोही गप्प राहतो.

हे वर्गात दाखवता येते, अर्थात घरच्या विजेवर मुळीच नाही. ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडा. प्रत्येकीवर ६ व्होल्टचा एकेक बल्ब लावा, एक जास्त वॅटचा आणि एक कमी वॅटचा, आणि दोन्ही बल्बांमधला बिंदू तारेने बॅटऱ्यांच्या मध्याशी जोडा. दोन्ही नीट पेटतील. आता ती मधली तार काढा. मोठा बल्ब मंदावतो आणि छोटा झगझगून उडतो. विद्यार्थ्यांना आधी विचारा, कोणता उडेल? बहुतेक जण मोठ्याचे नाव घेतात.

न्यूट्रल सुटल्यावर उपयोगी पडते ते दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की घराचा पुरवठाच तोडणारे उपकरण. मेन स्विचजवळ ते परवानाधारक वायरमनकडूनच बसवावे, आणि त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्यावे. गिरगाव-परळच्या कित्येक चाळींत प्लगचे तिसरे भोक कशालाच जोडलेले नसते. दिवे अकारण लखलखू लागले तर कारण शोधत बसू नये, आधी मेन स्विच बंद करावा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज काही तास गेली होती. तशा वेळीही उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत आणि वीज परतल्यावर काही मिनिटांनी लावावेत.

आमच्या मीटरच्या खोलीत सांधा उघडला तेव्हा आत हिरवी बुरशी दिसावी तसा तांब्याचा गंज साचला होता. नवा सांधा करायला वायरमनला अर्धा तास लागला.