मोटारीचा पिवळा दिवा काय सांगतो ?

मोटारीच्या डॅशबोर्डवर एंजिनाच्या आकृतीचा एक लहानसा पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवितांच तो उजळतो व एंजिन सुरू झालें म्हणजे मालवतो. परंतु एखादे दिवशीं तो मालवत नाहीं. गाडी नेहमीप्रमाणें चालत असते, तरी दिवा तसाच. पुष्कळ वेळां "सेन्सर बिघडला, नवा बसवा" असा सल्ला मिळतो. हजारों रुपये खर्च होतात, आणि चार दिवसांनीं दिवा पुन्हां हजर! असें कां व्हावें, व खरा दोष कसा हुडकावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आधुनिक मोटारींत एंजिनाचा कारभार एक छोटा संगणक पाहतो. एंजिनावर ठिकठिकाणीं बसविलेले सेन्सर हींच त्याचीं ज्ञानेंद्रियें होत. त्यांच्याकडून आलेली एखादी वार्ता विपरीत वाटली, कीं तो एका सांकेतिक अंकानें तिची नोंद करितो व दिवा लावितो. मिस्त्री स्कॅनर जोडून हा अंक वाचतो. अमेरिकेंत ही व्यवस्था १९९६ सालापासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. भारतांत ती २०१० सालापासून टप्प्याटप्प्यानें आली.

उदाहरणार्थ, ऑक्सिजन सेन्सर घेऊं. जर्मनींतील बॉश कंपनीनें तयार केलेला हा सेन्सर १९७६ सालीं स्वीडनच्या व्होल्वो मोटारींत प्रथम बसविण्यांत आला. पेट्रोल पूर्णपणें जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. हें प्रमाण साधलें कीं नाहीं, हें धुराच्या नळींतील सेन्सर सांगतो. त्याच्या झिर्कोनियाच्या टोपणाच्या आंत बाहेरची हवा असते व बाहेरून धूर वाहतो; दोहोंतील ऑक्सिजनच्या फरकामुळें विजेचा दाब उत्पन्न होतो. पेट्रोल अधिक झालें तर तो सुमारें ०.९ व्होल्ट, हवा अधिक झाली तर सुमारें ०.१ व्होल्ट भरतो. निरोगी सेन्सरचा हा आंकडा सारखा वरखालीं होत असतो. (अलीकडील कित्येक गाड्यांत निराळ्या जातीचा सेन्सर असतो, त्याची परीक्षाही निराळी.)

आतां समजा, स्कॅनरवर 'पी ०१७१' हा अंक आला. त्याचा अर्थ इतकाच, कीं मिश्रणांत हवा अधिक व पेट्रोल कमी आढळत आहे. सेन्सर बिघडला, असा त्याचा अर्थ नव्हे ! हवेची रबरी नळी चिरली असेल, पेट्रोलचा पंप अशक्त झाला असेल, किंवा सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीचा सांधा फुटून बाहेरची हवा आंत येत असेल. या तिन्ही प्रसंगीं सेन्सर खरें तेंच सांगत असतो. त्यालाच काढून फेंकणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय.

म्हणून शोध क्रमानें करावा. प्रथम, अंक पुसून टाकण्यापूर्वीं तो लिहून घ्यावा. दोष घडला त्या क्षणींची एंजिनाची गति व उष्णता संगणकानें नोंदलेली असते, तीही उतरून घ्यावी. दुसरें, तारा, जोड व नळ्या डोळ्यांनीं नीट तपासाव्या. तिसरें, संगणक नेहमीपेक्षां किती टक्के अधिक पेट्रोल देत आहे, हें स्कॅनरवर पाहावें. हा आंकडा गाडी उभी असतां मंद गतीवर मोठा असून मिनिटास २५०० फेऱ्यांवर उतरत असेल, तर हवेची गळती समजावी. कारण एंजिन पुष्कळ हवा ओढूं लागलें, कीं गळतीचा वांटा नगण्य होतो. उलट वेग वाढतांच तो चढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा तोकडा आहे, असा संशय घ्यावा.

इतकें झाल्यावरच सेन्सरची परीक्षा करावी. गरम एंजिनाचा वेग एकदम वाढविला असतां आंकडा ०.९ कडे उडी घेतो, व पाय काढतांच खालीं येतो. तो एकाच जागीं खिळून राहिला व तारा शाबूत असल्या, तरच सेन्सर दोषी ठरवावा. 'पी ०१३५' हा अंक सेन्सरच्या आंतील तापक तारेविषयीं असतो. तेथेंही आधीं फ्यूज पाहावा. फ्यूज उडाला असेल, तर नवा सेन्सरही थंडच राहणार ! दुरुस्तीनंतर अंक पुसून, गाडी पुरेशी चालवून खात्री करून घ्यावी.

एक सूचना मात्र विसरूं नये. हाच दिवा लुकलुकूं लागला, तर एंजिनांत पेट्रोल न जळतां बाहेर जात आहे असें समजावें. त्यायोगें धूर शुद्ध करणारें यंत्र तापून निकामी होतें. अशा वेळीं वेग कमी करून, सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी.

विद्यार्थिमित्रहो, दिवा तक्रार सांगतो. गुन्हेगाराचें नांव सांगत नाहीं. तें शोधणें मनुष्याच्या बुद्धीचें काम आहे. पुराव्यावांचून कोणास दोषी ठरवूं नये, हा न्यायासनापुढील नियम मिस्त्रीच्या कारखान्यांतही तितकाच खरा आहे. आणि तेथें तो पाळल्यानें आईबापांच्या कष्टाचा पैसाही वांचतो.