ठिणगी वाटेतच का विझते?

ओले एव्हिनरूडने 1909 साली अमेरिकेत मिलवॉकीला होडीच्या मागे अडकवायची मोटर विकायला काढली. त्याच प्रकारची 1950च्या दशकातली एव्हिनरूड आणि जॉन्सन इंजिनं तिथले हौशी लोक आजही तळ्यांत चालवतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न: प्लगची जुनी वायर बदलायची की राहू द्यायची?

या इंजिनांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलपाशी फिरतं आणि हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. एवढा दाब सोपी वाट शोधतोच. वायरीवरचं रबर उष्णतेनं, तेलानं कडक होऊन तडकलं, की ठिणगी प्लगपर्यंत न जाता जवळच्या धातूत उडी मारते. अंधारात इंजिन फिरवून बघा. गळती असेल तर बारीक निळसर चमक दिसते. दमट हवेत तर हमखास.

वायर लवचिक असेल, चीर नसेल, ठिणगी सणसणीत पडत असेल, तर उगाच हात लावू नये. पण कॉइलसाठी फ्लायव्हील उतरवलंच असेल, तर मात्र वायरीत कंजुषी कशाला? त्या काळच्या कॉइलचं कवचही बरेचदा तडकलेलं सापडतं.

नवी वायर तांब्याच्या तारांचीच हवी. मोटारगाडीची कार्बन गाभ्याची वायर इथे चालत नाही: कॉइलमधली टोकदार पिन तारांत घुसून जोड घेते, कार्बनमध्ये तिची पकड नीट बसत नाही. आणि फ्लायव्हीलखालून वायर नेताना ती कुठे घासत नाही ना, हे चाक बसवण्याआधीच पाहायचं.