बाटलीवरचें लेबल : कागद कीं छापील मजकूर?

वैशाखाच्या सुमारास वेळणेश्वराच्या घरांपुढील आंगणांत रातांब्यांचे ढीग पडूं लागतात. पिकलेलें फळ फोडावयाचें, त्याच्या वाटींत साखर भरावयाची, बरणी उन्हांत ठेवावयाची आणि उतरलेला लाल रस गाळून ठेवावयाचा, हें अमृतकोकमाचें कृत्य गुहागर तालुक्यांत कोणाला शिकवावें लागत नाहीं. पूर्वीं हा रस घरच्या माणसांपुरता व पाहुण्यांपुरता असे. आतां तो बाटलींत भरून बाजारांत जातो, आणि बाटली बाजारांत गेली म्हणजे तिला लेबल लागतें. लेबल नसेल तर आंत साखरेचें अमृतकोकम आहे कीं मिठाचें आगळ आहे, हें गिऱ्हाइकाला कळणार कसें?

छापखान्यांतून लेबलें आलीं म्हणजे त्यांच्याबरोबर बिल येतें, आणि बिलावर लेबलांच्या नांवासमोर चार आंकडे असतात : ४८२१. हीच लेबलें परदेशांतून मागविलीं तर बंदरावरच्या कागदांतही तेच आंकडे लिहावे लागतात. घेणारा मनुष्य बहुधा शेवटची रक्कम तेवढी पाहतो. मधल्या आंकड्यांकडे त्याचें लक्ष नसतें. परंतु त्या रकमेंतील कराचा भाग ठरतो तो या आंकड्यांवरूनच. हे आंकडे कोठून आले, लेबलाला हेच कां लागतात आणि ते चुकले तर काय होतें, हें समजून घेणें बाटली भरणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचें आहे.

जकात ही कोंकणच्या किनाऱ्याला नवी गोष्ट नव्हे. वेळणेश्वराच्या उत्तरेस वाशिष्ठीच्या मुखाशीं दाभोळ आहे, दक्षिणेस शास्त्रीच्या मुखाशीं जयगड आहे. दाभोळ तर बहामनी व आदिलशाही अमदानींत मोठें नामांकित बंदर होतें. जेथें गलबत लागतें तेथें जकातीचें नाकें बसतें. जुन्या मराठी कागदांतून थळभरीत आणि थळमोड असे दोन शब्द आढळतात. माल जेथून भरून न्यावयाचा तेथील जकात ती थळभरीत, आणि जेथें विकावयाचा तेथील ती थळमोड. जकात कोणत्याही काळची असो, नाक्यावरचा पहिला प्रश्न एकच असतो : ही वस्तु काय आहे? तांदुळाला एक दर, मसाल्याला दुसरा, कापडाला तिसरा. म्हणून आधीं वस्तूचें नांव ठरावें लागतें, मग दर.

व्यापार देशोदेशीं पसरला तेव्हां या नांवांचा मोठा घोळ होऊं लागला. एकच वस्तु एका देशांत एका सदरांत, दुसऱ्या देशांत दुसऱ्याच सदरांत. हा घोळ मिटविण्यासाठीं १४ जून १९८३ रोजीं ब्रुसेल्स येथें एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो अमलांत आला. त्यांतून निघालेल्या पद्धतीला हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणतात. बिलावर एचएसएन अशीं जीं अक्षरें दिसतात तीं हिचींच. तिचे एकवीस विभाग आहेत आणि प्रकरणांचे क्रमांक सत्त्याण्णवपर्यंत जातात. त्यांपैकीं सत्त्याहत्तरावें प्रकरण पुढील सोयीसाठीं रिकामें ठेवलें आहे. पहिले दोन आंकडे प्रकरण सांगतात, पुढचे दोन शीर्षक सांगतात, आणखी दोन पोटशीर्षक सांगतात. हे सहा आंकडे करारांतील सर्व देशांत एकच असतात; भारतानें आपल्या सोयीसाठीं पुढें आणखी दोन जोडले आहेत. १९७५ च्या सीमाशुल्क दरांच्या कायद्याला जोडलेलें परिशिष्ट १९८६ मध्यें याच सांच्यांत बसविण्यांत आलें. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला तेव्हां त्यानेंही हेच आंकडे उचलले. म्हणून ब्रुसेल्सचा आंकडा आज गांवच्या बिलावर येऊन बसला आहे.

आतां मूळ प्रश्न. या दरपत्रकाचें अठ्ठेचाळिसावें प्रकरण कागदाचें व कागदाच्या वस्तूंचें आहे. एकोणपन्नासावें प्रकरण पुस्तकें, वर्तमानपत्रें, चित्रें आणि छपाईच्या धंद्यांतील इतर मालाचें आहे. बाटलीवरचें लेबल कागदाचेंही आहे आणि छापलेलेंही आहे. मग तें बसावयाचें कोणत्या प्रकरणांत?

साध्या बुद्धीला वाटेल कीं एकोणपन्नासाव्यांत. लेबलांत कागदाची किंमत ती किती? त्याचा सारा उपयोग त्यावरील मजकुरांत. पदार्थाचें नांव, त्यांतील घटक, निव्वळ माप, तयार केल्याची तारीख, किंमत, करणाऱ्याचें नांव व पत्ता, अन्नसुरक्षेच्या परवान्याचा क्रमांक, हें सर्व लेबलावर असलेंच पाहिजे असा कायदा आहे. मजकूर पुसून टाकला तर उरेल तो कागदाचा कोरा कपटा. त्याला कोणी बाटलीवर चिकटविणार नाहीं.

अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणाच्या आरंभीं ज्या टिपा आहेत, त्यांतील बारावी टीप प्रथमदर्शनीं याच मताची दिसते. ती सांगते कीं, कागदावर छापलेलीं अक्षरें, चित्रें किंवा आकृति त्या वस्तूच्या मुख्य उपयोगाला केवळ आनुषंगिक नसतील, तर ती वस्तु एकोणपन्नासाव्या प्रकरणांत जाते. एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल. दुकानदार पुडी बांधण्याच्या कागदावर आपल्या दुकानाचें नांव छापून घेतो. तेथें कागदाचें मुख्य काम बांधणें हें आहे. नांव नसतें तरी पुडी बांधली गेलीच असती. म्हणून तो कागद कागदच राहतो. दिनदर्शिकेचें तसें नाहीं. तारखा काढून घेतल्या तर ती दिनदर्शिकाच उरत नाहीं, म्हणून ती छापील मालांत जाते. हाच न्याय लावला तर लेबलही छापील मालांत गेलें पाहिजे.

परंतु ही टीप पहिल्या शब्दापासून वाचली पाहिजे. तिचा आरंभच असा आहे कीं, ४८१४ आणि ४८२१ या शीर्षकांतील वस्तु वगळून पुढील नियम लागू आहे. ४८१४ म्हणजे भिंतींवर लावावयाचा शोभेचा कागद. आणि ४८२१ म्हणजे कागदाचीं किंवा पुठ्ठ्याचीं सर्व प्रकारचीं लेबलें, मग तीं छापलेलीं असोत वा नसोत. कायद्यानें लेबलाला त्याच्या नांवानेंच हांक मारली आहे. छपाईचें महत्त्व किती, हा प्रश्न येथें विचारावयाचाच नाहीं.

असें कां केलें असावें, हें थोड्या विचारानें ध्यानांत येतें. बरणीवर चिकटवून हातानें नांव लिहावयाचें कोरें लेबलही लेबलच असतें. अर्धवट छापलेलें आणि पुढें तारखेचा शिक्का मारावयाचें, तेंही लेबलच. प्रत्येक लेबलावर शाई किती आणि कोरी जागा किती हें नाक्यावर मोजीत बसण्यापेक्षां सर्व लेबलें एका घरांत ठेवणें सोयीचें. छपाईला तिचा मान सहा आंकड्यांत दिलेला आहे : छापील लेबलांना ४८२१.१०, इतरांना ४८२१.९०.

दरपत्रकाच्या आरंभीं अर्थ लावण्याचे जे सामान्य नियम दिले आहेत, त्यांतील पहिला नियम हेंच सांगतो. वर्गीकरण ठरतें तें शीर्षकाच्या शब्दांवरून आणि विभागाच्या व प्रकरणाच्या टिपांवरून; प्रकरणांचीं नांवें केवळ शोधण्याच्या सोयीसाठीं आहेत. व्यवहारबुद्धि चांगलीच, पण तिची पाळी शब्द वाचून झाल्यावर येते.

जेथें कायद्यानें असें नांव घेऊन सांगितलेलें नसतें, तेथें निकाल कसा उलटा पडूं शकतो, याचें एक बोधप्रद उदाहरण मुंबईचें आहे. १ मार्च १९७५ च्या एका अधिसूचनेनें छपाईच्या धंद्यांतील सर्व मालाला उत्पादन शुल्काच्या एका सर्वसाधारण सदरांतून माफी मिळाली होती. तिचा अर्थ लावतांना सर्वोच्च न्यायालयानें १९९४ मध्यें रोलाटेनर्सच्या प्रकरणांत म्हटलें कीं, छापील पुठ्ठ्याचें खोकें हा वेष्टनाच्या धंद्याचा माल आहे, छपाईचा नव्हे. छापो वा न छापो, खोकें तें खोकेंच. पुढें १९९६ मध्यें मेटाग्राफ्स कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या छापील लेबलांचा प्रश्न त्याच न्यायालयापुढें आला. तेथें निकाल उलट झाला. वस्तु कोणती हें गिऱ्हाइकाला सांगणें हेंच लेबलाचें काम आहे, तेथें छपाई आनुषंगिक नसून मुख्य आहे, म्हणून तें छपाईच्या धंद्याचा माल आहे, असें ठरलें. खोक्याचें पोट रिकामें असतें, त्यांत वस्तु भरतात. लेबलांत भरावयाचें तें फक्त अक्षर, हा या दोन निकालांतील भेद आहे. परंतु हे निकाल एका माफीच्या शब्दांविषयींचे आहेत. त्यांच्या जोरावर कागदी लेबल ४८२१ मधून उचलून एकोणपन्नासाव्या प्रकरणांत नेतां येत नाहीं.

खरी फसगत होते ती लेबल कशाचें केलें आहे यांत. बरणींत पाणी असो वा बर्फांत बाटली बुडवो, लेबल भिजूं नये म्हणून आज पुष्कळ ठिकाणीं कागदाऐवजीं प्लास्टिकची फिल्म वापरतात. डोळ्यांना दोन्ही सारखीं दिसतात, पण दरपत्रकांत त्यांचीं घरें निरनिराळीं आहेत. मागें गोंद लावलेलें कागदी लेबल ४८२१ मध्येंच राहतें. मागें गोंद असलेली प्लास्टिकची सपाट पट्टी मात्र ३९१९ या शीर्षकांत पडते. कारण प्लास्टिकच्या विभागाच्या दुसऱ्या टिपेंत छापील माल एकोणपन्नासाव्या प्रकरणांत पाठवितांना ३९१८ व ३९१९ यांना तसाच अपवाद दिला आहे. बाटलीवर ओढून घट्ट बसविण्याच्या, गोंद नसलेल्या छापील प्लास्टिकच्या नळीला हा अपवाद नाहीं; तेथें छपाई मुख्य कीं आनुषंगिक, हा प्रश्न विचारावाच लागतो. कागदावर प्लास्टिकचा थर दिलेला असेल आणि तो एकंदर जाडीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणाची दुसरी टीप त्याला कागद मानावयास तयार नाहीं. तो प्लास्टिकच्या प्रकरणांत जातो. आणि मजकूर थेट कांचेवरच छापला असेल तर वेगळें लेबल उरतच नाहीं. ती कांचेची बाटली, शीर्षक ७०१०.

शब्द इतके बारकाईनें लिहिलेले असूनही वाद संपत नाहींत. नक्कल ओळखतां यावी म्हणून मालावर चिकटवितात त्या होलोग्रामच्या चकत्या प्लास्टिकच्या प्रकरणांत कीं छपाईच्या, हा वाद होलोस्टिक कंपनीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ मध्यें तो छपाईच्या बाजूनें सुटला.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हें सर्व सुट्या लेबलांविषयीं झालें. बाटली भरून, लेबल लावून ती परदेशीं पाठविली, तर लेबलाचा वेगळा हिशेब होत नाहीं. नेहमींचें वेष्टन आंतील वस्तूबरोबरच जातें, असा पांचवा सामान्य नियम आहे. पाणी घालून पिण्याचें सरबत २१०६ या शीर्षकांत गेलें म्हणजे बाटली, बूच व लेबल त्याच्या पाठोपाठ जातात.

एवढ्या बारकाव्यांचा लहान उद्योगाला उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग पैशाचा आहे. समजा, एखाद्या बचतगटानें दोन लाख रुपयांचीं लेबलें बाहेरून मागविलीं आणि खऱ्या व लिहिलेल्या शीर्षकांच्या दरांत पांच टक्क्यांचा फरक निघाला. ही रक्कम दहा हजारांची होते, आणि वर व्याज. २०११ पासून आयात करणारानें आपलें शुल्क आपणच ठरवून लिहावयाचें आहे. अधिकारी तें नंतर तपासतो. चूक प्रामाणिक असली तरी दोन वर्षांपर्यंत मागणीची नोटीस येऊं शकते; मुद्दाम खोटें लिहिल्याचें किंवा लपविल्याचें ठरलें तर पांच वर्षांपर्यंत. तोंवर त्या मोसमाचें कोकम विकून, मिळालेला पैसा वांटून मोकळा झालेला असतो. मग तो आणावयाचा कोठून?

यावर उपाय अवघड नाहींत. लेबलें मागवितांना तीं कशाचीं आहेत, मागें गोंद आहे काय आणि प्लास्टिकचा थर असल्यास किती जाड, हें विकणाऱ्याकडून लिहून घ्यावें आणि बिलावर नुसतें लेबल न लिहितां कागदाचें छापील लेबल किंवा गोंद असलेलें प्लास्टिकचें लेबल असें पुरें वर्णन लिहावें. एक नमुना बिलाला टांचून ठेवावा. परदेशांतून मोठी खरेदी करावयाची असून शंका असेल, तर आगाऊ निर्णय मागतां येतो; त्यासाठीं सीमाशुल्काचें प्राधिकरण मुंबईस व दिल्लीस आहे. असा निर्णय कायदा न बदलल्यास ठरलेल्या मुदतीपर्यंत चालतो आणि त्या मालापुरता दोन्ही पक्षांस बांधतो.

बाटलींत जें आहे तेंच लेबलावर लिहिलें पाहिजे, हें कोकम करणारा प्रत्येक जण जाणतो. आगळाच्या बाटलीवर अमृतकोकम असें कोणी लिहीत नाहीं. लेबलाच्या बिलालाही तोच नियम लागू आहे.