पाण्याचा जमाखर्च

प्रौढ माणसाच्या शरीराच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भार पाण्याचा असतो. साठ किलोग्रॅम वजनाच्या निरोगी पुरुषाच्या शरीरात सुमारे ३६ लीटर पाणी असते. स्त्रियांच्या शरीरात मेदाचे प्रमाण अधिक असल्यामुळे हा आकडा थोडा कमी भरतो. साठा एवढा मोठा असला तरी शरीर तो फारसा चढू-उतरू देत नाही. त्यातून सव्वा लीटर पाणी घटले, की अंगमेहनतीची कामे जड वाटू लागतात, नाडी जलद चालते आणि उन्हाचा ताप अधिक जाणवतो. मग दिवसाकाठी माणसाने पाणी प्यावे तरी किती? शाळेतल्या पुस्तकापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सर्वत्र या प्रश्नाला एकच उत्तर मिळते : आठ पेले. हे उत्तर पाठ करण्यास सोपे आहे. पण ते सर्वांना सारखे लागू पडत नाही. तसे का, हे समजण्यासाठी प्रथम शरीरातील पाण्याचा जमाखर्च पाहिला पाहिजे.

समशीतोष्ण हवेत बैठे काम करणाऱ्या माणसाचा रोजचा खर्च अडीच लीटरच्या आसपास असतो. त्यापैकी सुमारे दीड लीटर मूत्रावाटे जाते. श्वासातून बाहेर पडणारी वाफ आणि त्वचेतून नकळत उडून जाणारे पाणी मिळून पाऊण ते एक लीटर होते. उरलेला थोडासा भाग मलावाटे जातो. जमेच्या बाजूला तीन खाती आहेत. अन्नाचे ज्वलन होताना पेशींमध्येच पाणी तयार होते. ते सुमारे पाव लीटर किंवा किंचित अधिक असते. दुसरे खाते अन्नाचे. शिजलेल्या भाताचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पाणीच असतो. वरण, आमटी, सांबार यांत ते याहूनही जास्त, तर काकडी, कलिंगड व ताक यांत शेकडा नव्वदाहून अधिक असते. साधा भातवरणाचा आहार घेणाऱ्यास अन्नातूनच पाऊण लीटर पाणी सहज मिळते. कोरडी भाकरी आणि चटणीवर दिवस काढणाऱ्यास ते पुष्कळ कमी मिळते. बाकीची भरपाई पेयांनी करावयाची असते. चहा व कॉफी यांनी शरीर कोरडे पडते, अशी एक समजूत आहे. परंतु नेहमीच्या प्रमाणात घेतलेला चहा जमेच्याच बाजूला पडतो. मद्याची गोष्ट मात्र वेगळी आहे.

या जमाखर्चावर देखरेख करण्याचे काम मूत्रपिंडे आणि मेंदू मिळून करतात. दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसभरात सुमारे १८० लीटर द्रव गाळला जातो आणि त्यातील शेकडा ९९ भाग पुन्हा रक्तात शोषला जातो. उरतो तो मूत्ररूपाने बाहेर पडतो. पाण्याचा तुटवडा असेल तर मूत्रपिंडे दिवसभरातील सारी टाकाऊ द्रव्ये सुमारे अर्ध्या लीटर मूत्रात सामावू शकतात. पाणी मुबलक असेल तर दहा लीटरांहून अधिक पातळ मूत्र बाहेर टाकू शकतात. एवढा मोठा पल्ला ज्या यंत्रणेस साधतो, तिला रोज ठरावीक मापाचे पाणी मोजून देण्याची आवश्यकता नसते, हे उघड आहे.

या यंत्रणेची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमस या भागाकडे असतात. रक्तातील क्षारांची संहती, म्हणजे त्यांचा दाटपणा, शेकडा एक ते दोनने वाढला तरी तेथील विशिष्ट पेशींना तो कळतो. केंब्रिज येथील शरीरक्रियावैज्ञानिक व्हर्नी यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या यंत्रणेचे सविस्तर विवेचन आढळते. पेशींचा इशारा मिळताच पोष ग्रंथीतून व्हॅसोप्रेसीन हे हॉर्मोन रक्तात येते आणि मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू लागतात. एवढ्याने भागले नाही, की तहान लागते. स्वीडनमध्ये अँडरसन यांनी १९५०च्या दशकात शेळ्यांच्या मेंदूच्या या भागात मिठाचे अल्पसे द्रावण टोचले, तेव्हा नुकत्याच पाणी प्यालेल्या शेळ्याही पुन्हा पाण्यावर तुटून पडल्या. तहान लागली म्हणजे फार उशीर झाला, असे जे पुष्कळदा सांगितले जाते त्यात म्हणूनच फारसे तथ्य नाही. आरोग्य धोक्यात येण्याच्या बरेच आधी निरोगी माणसास तहान लागते.

मग आठ पेल्यांचा नियम आला कोठून? त्याचे मूळ बहुधा अमेरिकेत आहे. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली प्रौढ माणसासाठी दिवसाला अडीच लीटर पाणी योग्य मानले होते. आहारातील दर उष्मांकामागे एक मिलिलीटर, असा त्याचा हिशेब होता. त्यापुढेच मंडळाने असेही नमूद केले होते, की यातील बहुतांश पाणी तयार अन्नातूनच मिळते. पुढे लोकांच्या लक्षात आकडा राहिला आणि त्याच्यामागचे वाक्य गळून पडले, असे दिसते. डार्टमथ येथील मूत्रपिंडविज्ञानाचे अभ्यासक हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ साली या विषयावरील साहित्य धुंडाळले. निरोगी, बैठ्या माणसाने आठ पेले प्यायलेच पाहिजेत, यास त्यांना शास्त्रीय आधार सापडला नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली स्त्रियांसाठी दोन व पुरुषांसाठी अडीच लीटर पाणी पुरेसे ठरविले. त्यात अन्नातील पाणीही धरलेले आहे, आणि हवा समशीतोष्ण व श्रम मध्यम असल्याचे गृहीत आहे.

आपल्या देशातील कोट्यवधी लोकांच्या बाबतीत नेमके हेच गृहीत खरे ठरत नाही. विदर्भात किंवा राजस्थानात मे महिन्याच्या दुपारी रस्त्याच्या कामावर असलेल्या मजुराच्या अंगातून तासाला एक लीटरपर्यंत घाम जातो. असा एक लीटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० उष्मांक उष्णता घेऊन जातो. उन्हात माणूस तग धरतो तो याच आधारावर. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम न वाळता गळून जातो. पाणी खर्च होते, परंतु गारवा मिळत नाही. अशा माणसास आठ पेले म्हणजे दोन तासांची शिदोरी होय. त्याने तहानेवर विसंबून राहणेही पुरेसे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शास्त्रज्ञ ॲडॉल्फ व त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले. उन्हात चालणारे सैनिक तहानेप्रमाणे पाणी पीत होते, तरी घामाची पूर्ण भरपाई होत नव्हती. उरलेली तूट ते पुढे जेवणाच्या वेळी भरून काढीत. कमी पाण्यावर राहण्याची सवय शरीराला लावता येते, ही त्या काळची एक आवडती लष्करी कल्पनाही या प्रयोगांत खोटी ठरली. शरीर उन्हाला सरावते, पाण्याच्या टंचाईला नव्हे.

म्हणून उन्हातल्या कामावर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, मधूनमधून सावली आणि जेवणात पुरेसे मीठ यांची व्यवस्था असावी लागते. अहमदाबाद शहरात २०१० च्या मे महिन्यात तापमान ४६.८ अंश सेल्सिअसवर गेले होते. त्या उन्हाळ्यातील मृत्यूंनंतर २०१३ साली तेथे उष्णतेच्या लाटेस तोंड देण्याची योजना आखण्यात आली. लोकांना वेळीच सूचना देणे व पिण्याच्या पाण्याची सोय करणे, हे तिचे महत्त्वाचे भाग आहेत.

बांधकामावर, शेतात, बाजारात वा प्रवासात असलेल्या स्त्रियांची अडचण याहून निराळी असते. आडोसा किंवा स्वच्छतागृह नसल्याने त्या दिवसभर पाणीच टाळतात. त्यांना तहान लागत नाही असे नाही. ती मारली जाते. मूत्रमार्गाचा दाह होण्यास अशी सवय कारणीभूत ठरू शकते आणि मूतखड्याचा धोकाही वाढतो. जास्त पाणी प्या, हा उपदेश त्यांच्यापुढे व्यर्थ आहे. त्यांना पाण्याआधी दार लावता येईल अशी जागा हवी असते.

वार्धक्यात तहानेची जाणीवच बोथट होते. वृद्ध माणसे मागत नाहीत म्हणून त्यांना पाणी नको आहे, असे समजू नये. जेवणाबरोबर, औषधाबरोबर आणि मधल्या वेळी ते त्यांच्या हातात द्यावे. तान्ह्या मुलाचा प्रकार याच्या उलट आहे. सहा महिन्यांपर्यंत अंगावर पिणाऱ्या मुलास कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधाचा बहुतेक भाग पाणीच असतो. चमच्याने पाजलेले पाणी दूध कमी करते आणि जंतूंना वाट करून देते.

पटकी किंवा जुलाबात तर एकट्या पाण्याने भागतच नाही. पटकीच्या रोग्याच्या शरीरातून तासाला लीटरभर द्रव जाऊ शकतो आणि त्याबरोबर क्षारही जातात. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून देण्याचे द्रावण अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांत भरले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पेल्यापेल्याने पाजावयास सांगितले. शेकडा तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत शेकडा ३.६ वर आले. यामागचे तत्त्व सोपे आहे. आतड्यात ग्लुकोज व सोडियम एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. आज मिळणारी जलसंजीवनीची पुडी याच तत्त्वावर बनलेली असते. ती वेष्टनावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात, बहुधा एक लीटरमध्ये, संपूर्ण विरघळवावी. थोड्या पाण्यात केलेले दाट द्रावण मुलास अपाय करते.

पाण्याचा अतिरेकही निरुपद्रवी नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता शेकडा १३ जणांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण कमी आढळले. ज्यांचे वजन शर्यतीत कमी होण्याऐवजी वाढले होते, त्यांच्यात हा दोष विशेष होता; घाम गेला त्याहून अधिक ते प्याले होते. सोडियम फार उतरले तर मेंदूला सूज येते. डोकेदुखी, वांती व भ्रम ही तिची लक्षणे पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, आणि मग रोग्यास आणखी पाणी पाजण्याची घातक चूक घडते. हृदय किंवा मूत्रपिंडे दुर्बळ झालेल्यांना तर पाण्याची मर्यादा डॉक्टर आखून देतात. उलट, ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे त्यांनी दिवसाला दोन ते अडीच लीटर मूत्र होईल इतके पाणी प्यावे, असा सल्ला दिला जातो.

घरच्या घरी अंदाज घेण्यास मूत्राचा रंग उपयोगी पडतो. तो फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजावे. गर्द पिवळा असून प्रमाणही कमी असेल तर ते वाढवावे. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या मूत्राला त्या गोळ्यांमुळेच गडद पिवळा रंग येतो. सकाळच्या पहिल्या मूत्रावरूनही अनुमान काढू नये. रात्रभर पाणी राखून ठेवल्यामुळे ते सर्वांचेच दाट असते.