चालीचा फुटबॉल : एका नियमाचा आणि एका शब्दाचा विचार

फुटबॉल हा कोल्हापूरच्या जिव्हाळ्याचा खेळ आहे, हे येथील वाचकास सांगावयास नको. शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या संघांची नावे पाहिली, तरी या खेळाचे मूळ कोठे रुजले आहे ते कळते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ : कुस्तीच्या परंपरेतील तालमींनी फुटबॉलला आश्रय दिला आणि पेठेचा अभिमान संघाशी जोडला गेला. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच नगरीचा.

या परंपरेत एक उणीव मात्र आहे. वय वाढले की खेळाडूचा प्रेक्षक होतो. उतारवयातील मल्लास वस्ताद म्हणून आखाड्यात स्थान असते. फुटबॉलपटूचे खेळाशी नाते बहुधा डोळ्यांपुरते आणि जिभेपुरते उरते. प्रकृतीसाठी तो सकाळी रंकाळ्याच्या काठाने फिरतो आणि सामन्याच्या दिवशी गॅलरीत बसतो. फिरणे आणि खेळणे या त्याच्या आयुष्यात दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसतात. त्या पुन्हा एकत्र आणणारा एक खेळ आज उपलब्ध आहे. त्याचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्यास मराठीत काय म्हणावे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे २०११ साली तेथील फुटबॉल क्लबच्या समाजकार्य विभागाने वयस्क लोकांसाठी हा खेळ सुरू केला. सामान्यतः पन्नाशी उलटलेले स्त्रीपुरुष तो खेळतात. मैदान लहान असते आणि एका बाजूस पाच ते सात खेळाडू असतात. चेंडू जवळ असो वा नसो, कोणीही धावावयाचे नाही, हा मुख्य नियम. धावल्यास प्रतिपक्षास फ्री किक मिळते. वारंवार धावणाऱ्यास काही काळ बाहेर बसावे लागते. चेंडू डोक्याने मारता येत नाही, तो ठराविक उंचीच्या वर जाऊ द्यावयाचा नसतो, आणि घसरत जाऊन चेंडू हिरावणे किंवा अंगावर जाणे निषिद्ध असते.

येथे भाषेच्या अभ्यासकास रस वाटावा असा एक प्रश्न उभा राहतो. चालणे कोठे संपते आणि धावणे कोठे सुरू होते? व्यवहारात आपण हा भेद वेगावरून करतो. पण वेग ही कमीअधिक होणारी गोष्ट आहे. ‘भरभर चालणे’ आणि ‘हळू धावणे’ यांच्यामध्ये वेगाच्या आधारे रेघ ओढता येणार नाही. म्हणून या खेळाच्या नियमांनी वेगाचा निकष सोडून दिला आणि दुसरा घेतला : एक पाऊल सदैव जमिनीस टेकलेले असले पाहिजे. ध्वनींच्या अखंड प्रवाहातून एखादे भेदक लक्षण निवडून भाषा ‘क’ आणि ‘ख’ हे दोन स्वनिम वेगळे करते, तसाच हा प्रकार आहे. पंचाने मोजावयाचे नसून ओळखावयाचे असते.

हेच भेदक लक्षण आरोग्याच्या दृष्टीनेही निर्णायक ठरते. धावताना दोन्ही पावले क्षणभर अधांतरी असतात आणि शरीर जमिनीवर येताना पायावर त्याच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार पडतो. चालताना हा भार वजनाहून थोडाच अधिक असतो. वृद्धांच्या गुडघ्यांस आणि घोट्यांस हा फरक लहान नव्हे. शिवाय सरळ रस्त्याने फिरताना जे घडत नाही ते येथे घडते : वळणे, थबकणे, बाजूस पाऊल टाकणे, एका पायावर तोल सांभाळून दुसऱ्याने चेंडू देणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबरच, पडणे टळावे म्हणून, तोल व बळ वाढविणारा व्यायाम किमान तीन दिवस करण्याची शिफारस केली, ती या संदर्भात ध्यानात घ्यावी. अर्थात हृदयविकार, मधुमेह किंवा सांध्यांचे दुखणे असणाऱ्याने वैद्याचा सल्ला घेऊनच मैदानात उतरावे, आणि प्रारंभी अंग मोकळे करून घ्यावे.

आता नावाविषयी. ‘चालता फुटबॉल’ हे शब्दशः भाषांतर सोयीचे नाही. त्यात चालण्याची क्रिया खेळाडूंकडून निघून फुटबॉलकडे जाते. आणि ‘चालता हो’ या प्रयोगाची आठवण ज्येष्ठांना नकोशी वाटेल. मराठीत ‘चाल’ हा शब्द मात्र तयारच आहे. चाल म्हणजे चालण्याची ढब, आणि चाल म्हणजे बुद्धिबळातील खेळी. फुटबॉलमध्येही चाल रचली जाते. ‘चालीचा फुटबॉल’ या नावात दोन्ही अर्थ एकत्र येतात, आणि हे केवळ शब्दलालित्य नव्हे. सोस्यूरने भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली, तीत सोंगटीचे मूल्य नियमव्यवस्थेतून येते. एक नियम बदलला की सर्व मूल्ये बदलतात. धावणे वगळताच दमाचे आणि वेगाचे मूल्य घटते. जागा हेरणे, अचूक पास देणे, सोबत्याचा बेत आधी ओळखणे यांचे मूल्य वाढते. म्हणजे हा तरुणांच्या खेळाची मंद आवृत्ती नसून अनुभवास मान देणारा निराळा खेळ आहे. ‘म्हाताऱ्यांचा खेळ’ असे हिणविणाऱ्याने हा भेद समजून घ्यावा.

कोल्हापुरास यासाठी नवे काही उभारावयाचे नाही. तालमी आहेत, मैदाने आहेत आणि खेळ जाणणारी ज्येष्ठ मंडळीही आहेत. प्रत्येक तालमीने आठवड्यातून दोन सकाळी तासभर मैदान द्यावे, नियम जाणणारा एक पंच नेमावा आणि स्त्रियांसही वेळ राखून ठेवावी, एवढ्याने प्रारंभ होईल. घरात एकटे पडलेल्या वृद्धास पुन्हा संघात नाव मिळणे, कोणी तरी आपली वाट पाहत आहे ही जाणीव होणे, हा लाभ औषधाच्या बाटलीत मिळत नाही. ज्या नगरीने खेळाडू घडविले, तिने त्यांना वयाच्या कारणाने सीमारेषेबाहेर ठेवू नये.